आरशासमोर 882 वेळा, स्टिअरिंगसमोर शून्य

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी 39 वर्षांची, घोडबंदर रोडला राहते, नोकरी ऐरोलीत. लायसन्स काढून सहा वर्षं झाली, गिअरची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. आई कळव्याला एकटी असते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दर शनिवारी तिला फिजिओथेरपीला न्यायचं काम हिच्याकडे. चौदा महिन्यांपूर्वी कळवा पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, थोडी मागे आली, मागचा रिक्षावाला ओरडला, नवऱ्याने हँडब्रेक ओढला आणि भर ट्रॅफिकमध्ये सीट बदलायला लावली. त्यानंतर तिने गाडीला हात लावलेला नाही. मध्ये पैसे भरून एक ऑनलाइन वर्कशॉप केलं, तिथे ‘तुमचा माइंडसेट फिक्स्ड आहे’ असं सांगितलं आणि रोज आरशासमोर 21 वेळा ‘मी निर्भय आणि कॉन्फिडंट ड्रायव्हर आहे’ म्हणायला लावलं, 21 दिवस. तिने तो कोर्स दोनदा पूर्ण केला. तरी आतून आवाज येतोच, ‘तुझ्याच्याने होणार नाही, कुणाचा तरी जीव घेशील.’ ती विचारते: ‘मावशी, हा आवाज बंद कसा करू? एवढं पॉझिटिव्ह बोलूनही माझं मन माझं ऐकत का नाही? दिवाळीच्या आत मला जमलंच पाहिजे.’

अगं, मावशी म्हणालीस म्हणून सरळ तू म्हणते, चालेल ना.

पत्र वाचलं आणि आधी कॅलक्युलेटर उघडला. 21 वेळा, 21 दिवस, असे दोन कोर्स, म्हणजे 882 वेळा तू आरशासमोर निर्भय ड्रायव्हर झालीस. आणि ह्याच काळात ड्रायव्हरच्या सीटवर किती वेळा बसलीस तर शून्य. टोमणा म्हणून नाही लिहीत हां, कारण ह्यात आळशीपणा कुठेच नाहीये, उलट रोज सकाळी डबा, आंघोळ, स्टेशनची बस ह्या सगळ्यातून वेळ काढून 42 दिवस एखादी गोष्ट नेमाने करणं मला तरी जमलं नसतं. मेहनत पुरेपूर केलीस, फक्त ती भलत्या ठिकाणी झाली.

मन ऐकत नाही म्हणतेस. मला वाटतं ते अगदी नीट ऐकतंय, म्हणूनच त्याला पटत नाहीये. मनाला तो कळव्याचा चढ आठवतोय, तो हॉर्न आठवतोय, आणि तू त्याला सांगतेस की मी निर्भय आहे, तर ते म्हणणारच ना, काहीही काय! कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009मध्ये हेच तपासलं होतं. लोकांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी परत परत म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं त्यांना किंचित बरं वाटलं, आणि ज्यांना त्या वाक्याची खरी गरज होती, म्हणजे स्वतःला कमी समजणारे, त्यांना म्हणून झाल्यावर आणखी वाईट वाटलं. तेव्हा तुझ्यात काहीतरी बिघाड आहे म्हणून ते वाक्य लागू पडलं नाही असं समजू नकोस, औषधच चुकीचं होतं.

आणि हो, त्या 21 दिवसांचंही काही खरं नाही. लंडनमध्ये 96 लोकांवर अभ्यास झाला होता, 2010मध्ये छापून आला, त्यात नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 असा हिशोब निघाला. त्यामुळे बाविसाव्या दिवशी सकाळी उठल्यावर आपण तेच आहोत हे बघून रडू आलं असं जे तू लिहिलंयस, ते रडू त्या आकड्याने आणलं.

आता माइंडसेटचं. स्टॅनफर्डच्या कॅरल ड्वेक ह्यांनी हा विषय जगभर नेला, त्यांचं म्हणणं साधारण असं की कुवत ही जन्मजात ठरलेली आहे असं मानणारा माणूस चुकीला घाबरतो आणि ती वाढवता येते असं मानणारा चुकीतून शिकतो. त्यात दम आहे. पण प्रत्येकात दोन्ही थोडं थोडं असतं हेही त्या सांगतात, तेवढं मात्र वर्कशॉपवाले सोयीस्कर विसरतात. ‘माझा माइंडसेट फिक्स्ड आहे’ हे वाक्यच बघ ना, शिक्का मारून मोकळे! आणि ह्या विचाराने फरक तरी किती पडतो? अमेरिकेत नववीच्या सुमारे 12,000 मुलांवर मोठा प्रयोग झाला, 2019मध्ये प्रसिद्ध झाला, तासाभरापेक्षा कमी वेळाचं ऑनलाइन सेशन होतं. अभ्यासात मागे असलेल्या मुलांची ग्रेड चार पॉइंटांच्या मापावर साधारण 0.1 ने वाढली. एवढ्याशा सेशनसाठी वाईट नाही, मी त्याला नावं ठेवत नाही, पण तो जादूचा दिवा नाही हे तर दिसतंय. विचार बदलला तरी क्लच आपोआप सुटत नाही गं.

तुझ्या आतल्या आवाजाकडे येऊ. तू त्याला एक आवाज म्हणतेस, मला त्यात दोन वाक्यं दिसतात. ‘तुझ्याच्याने होणार नाही’ हा निकाल आहे, त्यावर काही करता येत नाही, नुसतं ऐकून घ्यायचं. ‘कुणाचा तरी जीव घेशील’ हे भयंकर वाटतं खरं, पण त्याच्या पोटात एक खरी बातमी आहे, ती ही की चढावर गाडी थांबवून परत उचलायला तुला येत नाही. येत नाही म्हणजे कुणी शिकवलंच नाही. लायसन्सच्या टेस्टला सपाट मैदानात आठ काढला असशील, मी पण तेवढाच काढला होता. चढावर गाडी धरता येत नसताना कळवा पुलावर न्यायला ज्याला भीती वाटत नाही, त्याच्या मागे रिक्षात बसायला मला आवडणार नाही! तेव्हा हा आवाज बंद कसा करू असं विचारूच नकोस, अर्धा तरी बरोबर बोलतोय बिचारा. त्याला काम दे.

काम म्हणजे काय ते सांगते. मी गाडी शिकले 46व्या वर्षी, नौपाड्यात. आमचे मास्तर कोकणातले, बोलणं कमी. ‘घाबरू नका मॅडम’ किंवा ‘कॉन्फिडन्स ठेवा’ असलं एकदाही म्हणाले नाहीत, आणि मला सुरुवातीला त्याचा रागच यायचा, कारण मला कुणीतरी धीर द्यायला हवा होता. ते फक्त पुढची गोष्ट सांगायचे. सिग्नलला थांबताना, ‘पुढच्याची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतायत? दिसायला हवीत. तेवढंच अंतर.’ चढावर, ‘हँडब्रेक. पहिला. क्लच हळू... बॉनेट बघा, उचललं? आवाज जड झाला? आता थोडी रेस. आता सोडा हँडब्रेक.’ बास. दहाव्या-बाराव्या दिवशी लक्षात आलं की मास्तर बोलायच्या आधी मीच पुटपुटतेय, चाकं, चाकं, बॉनेट, आवाज. गोखले रोडला संध्याकाळच्या गर्दीत मी एकटी बडबडत चाललेय हे बघून माझी मुलगी म्हणाली होती आई तू ठीक आहेस ना. मी ठीकच होते, कारण डोक्यात चाकं भरली होती, ‘जमेल का’ला जागाच उरली नव्हती.

हे काही माझ्या मास्तरांचं संशोधन नाही. जपानमध्ये रेल्वेचे लोक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने म्हणतात, एकटे असले तरी, चूक होऊ नये म्हणून. आपल्याकडे मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात, तोही त्यातलाच प्रकार. 1853ला पहिली गाडी आली त्या आपल्या ठाण्यावरून दिवसभर अशा किती गाड्या जातात, आणि एकही पायलट ‘मी निर्भय पायलट आहे’ म्हणत नसावा. खेळाडूंवरही भरपूर काम झालंय. ग्रीसमधल्या अभ्यासकांनी 2011मध्ये असे 32 अभ्यास एकत्र करून बघितले, तर स्वतःशी बोलण्याचा फायदा होतो हे दिसलंच, पण जिथे हात-पाय-नजर बारकाईने जुळवायची असते तिथे ‘तू करू शकतोस’ छाप बोलण्यापेक्षा ‘कोपर वर, नजर चेंडूवर’ अशा सूचनांचा फायदा जास्त. आणि क्लचपेक्षा बारीक काम कुठलं!

तुझ्या पत्रातला अजून एक शब्द मी पेनाने गोल केला, शब्द पण नाही, अक्षर. ‘जमलंच पाहिजे’ मधला ‘च’. अल्बर्ट एलिस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, 1955पासून त्यांनी जी उपचारपद्धत मांडली तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजलीये. त्यांचं म्हणणं, इच्छा असणं ठीक, त्या इच्छेचा हट्ट झाला की माणूस अडकतो. त्यांना त्यासाठी इंग्रजीत भाषणं करावी लागली, आपल्याला मराठीत एक अक्षर पुरतं. ‘दिवाळीच्या आत जमावं अशी फार इच्छा आहे’ असं म्हणून बघ, आणि मग ‘जमलंच पाहिजे’ म्हणून बघ. दुसऱ्या वेळी खांदे वर गेले की नाही? खांदे वर गेले की पाय पण कडक होतो, आणि कडक पायाने क्लच सुटतो तो फटकन. गाडी बंद. तेव्हा दिवसभरात स्वतःशी बोलताना हा ‘च’ कुठे कुठे येतो ते एकदा पकडून बघ, ‘आज डबा वेळेत झालाच पाहिजे’पासून सापडेल.

मिशिगन विद्यापीठातले इथन क्रॉस आहेत, 2014मधला त्यांचा अभ्यास असा की टेन्शनच्या वेळी ‘मी’ म्हणण्याऐवजी स्वतःचं नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून बोललं तर माणूस जरा लांबून बघू शकतो आणि कमी गडबडतो. आपल्याला ह्यात नवल वाटायला नको, आपले संत अभंगाच्या शेवटी स्वतःचंच नाव घेऊन बोलत आलेत. पण मला इथे एक शंका आहे. तुझा तो आतला आवाज आधीच ‘तू’ म्हणतोय की! ‘तुझ्याच्याने होणार नाही.’ मग नुसतं तू म्हणून काय होणार. तो ‘तू’ कुणाच्या तोंडचा आहे ते बघायला हवं. पत्र परत वाच, ‘भर ट्रॅफिकमध्ये’ हे शब्द तीन वेळा आलेत, आणि मला वाटतं ते तुझे नाहीत, पुलावर त्या दिवशी जे कुणी बोललं त्याचे आहेत. तुझ्या शेजारणीची गाडी बंद पडली असती तर तू काय म्हणाली असतीस? ‘अगं बंद पडली तर पडली, ब्रेक दाब, चालू कर परत, वाजवू दे त्याला हॉर्न.’ हेच, ह्याच टोनमध्ये, स्वतःचं नाव घेऊन. आरशाची गरज नाही.

नवऱ्याबद्दल तू सावरून लिहिलंयस, स्वभावाने वाईट नाहीत वगैरे. असतील चांगले, त्या क्षणी ते पण घाबरले असतील. पण शिकवायला ते नकोत. नवऱ्याकडून गाडी शिकणं आणि बायकोने नवऱ्याला पोळ्या शिकवणं, दोन्हीत घरात आठवडाभर अबोला ठरलेला. मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये जा, लायसन्स आहे म्हणून लाजू नकोस, त्यांच्याकडे अशा बायका आणि पुरुषही येतच असतात, सरळ सांग की बेसिक नको, मला चढ, ट्रॅफिक आणि रिव्हर्स पाहिजे. त्यांच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी पण ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळे ‘जीव घेशील’वाल्या आवाजाला उत्तर मिळतं, ते सुद्धा न वाद घालता.

दुसरा रस्ता ऑटोमॅटिक गाडी. पत्रात तू ‘ऑटोमॅटिक म्हणजे हार मानणं’ असं लिहिलंयस, हे कुठून आलं गं? आईला शनिवारी फिजिओला नेणं हे ध्येय आहे ना, त्यात डावा पाय किती वापरला ह्याचे मार्क नाहीत. बऱ्याच ऑटोमॅटिकमध्ये चढावर मागे न येण्याची सोय असते, सगळ्यांत नसते, घेताना विचारून घ्यायचं. पैशाचा प्रश्न आहेच, आणि चालती गाडी घरात असताना दुसरी घ्यायला मी सांगणार नाही, पण गाडी बदलायची वेळ आलीच तर हा पर्याय लाजेखातर सोडू नकोस. आणि तिसरा, गाडी न चालवणं. ठरलेल्या वेळेला ठरलेला रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर लावून देणं हा पण सन्मानाचा उपाय आहे. फक्त एकदा शांतपणे ठरव, तुला आईची सोय करायचीये, का पुलावरच्या त्या दिवसाला उत्तर द्यायचंय. दोन्ही असू शकतं. पण उत्तरच द्यायचं असेल तर आईच्या गुडघ्याला मध्ये आणू नकोस, उगाच दोन ओझी होतात.

ज्यांना गाडीशी काही देणंघेणं नाही ते पण हे वाचत असतील म्हणून थोडं त्यांच्यासाठी. कोपरखैरण्याच्या एका मुलाचं पत्र होतं, एमपीएससी करतोय, भिंतीवर ‘मी अधिकारी होणारच’ लिहिलंय आणि रात्री दोनपर्यंत रील बघतोय. (परत ‘च’.) त्याला मी सांगितलं भिंतीवरचं असू दे, पण त्याच्या खाली एक वाक्य लिही, ‘जेवून उठलो की फोन आईच्या कपाटात आणि कालच्या पेपरमधले पाच प्रश्न.’ पीटर गोलविट्झर ह्यांनी 1990च्या दशकात दाखवलं की नुसत्या ‘मी करणार’पेक्षा ‘अमुक झालं की तमुक करणार’ असं आधी ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं, कारण त्या क्षणी विचार करायला लागत नाही. उपवनला चालायला जायचं असो, ऑफिसात मीटिंगला तोंड उघडायचं असो, स्वतःशी बोलताना आपण कोण आहोत ह्याची चर्चा कमी आणि आता ह्यानंतर काय करायचं ह्याची जास्त, एवढा बदल करून बघा.

एक मात्र विचारून ठेवते. नुसतं पार्किंगमध्ये गाडीजवळ गेलं तरी छाती धडधडते, घाम फुटतो, पुलाची स्वप्नं पडून झोप मोडते, असं काही होतंय का? तू लिहिलेलं नाहीस. होत असेल तर ते नुसत्या सरावाने जाईलच असं नाही, मग समुपदेशकाला भेट, किंवा आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही, गुडघ्याला फिजिओ लागतो तसंच.

नाहीतर हा रविवार. सकाळी साडेसहा, घोडबंदरच्या मेन रोडला जायचंच नाही, तिथे कंटेनर असतात, सोसायटीच्या आतल्या किंवा मागच्या मोकळ्या सपाट रस्त्यावर, शेजारी मास्तर किंवा गाडी येणारी एखादी शांत मैत्रीण. मागे ‘एल’ लाव, लागत नसला तरी लाव, लोक जरा लांब राहतात. आणि गाडी मुद्दाम बंद पाड. हो, मुद्दाम. पहिला टाकून क्लच फटकन सोड, धक्का बसेल, बंद पडेल, आणि काहीही होणार नाही. मग मोठ्याने बोल, ‘ब्रेक. क्लच. चावी. पहिला. आरसा. निघ.’ ह्याला पाच-सहा सेकंद लागतात, घड्याळ लावून बघ, म्हणजे पुलावर तो रिक्षावाला जास्तीत जास्त तेवढाच वेळ हॉर्न वाजवू शकतो. असं दहा वेळा. पुढचे दोन-तीन आठवडे मास्तरांबरोबर छोटा चढ, मग सकाळचा रिकामा कळवा पूल, मग शनिवारची दुपार. येऊरचा चढ आत्ता डोक्यातसुद्धा आणू नकोस. आईला आधी काही सांगू नकोस, ती दर फोनला विचारत बसेल.

रविवारी घरी आलीस की मला कसं वाटलं, कॉन्फिडन्स आला का वगैरे काही लिहायचं नाही. गाडी किती वेळा बंद पडली तेवढा आकडा पाठव. दहाच्या खाली असेल तर नीट पाडली नाहीस असं समजेन.